छत्रीखालची माणसं

एप्रिल संपता संपता शिवणकर ले-आउटमधली तिसरी गल्ली नकाशावर पांढरी झाली.

रेवती धोटेला ते पहाटेच दिसायला हवं होतं, कारण नागपूर शहराचा छायापट, म्हणजे सावलीचा नकाशा, रोज तिच्याच सहीने निघत असे. पण त्या पडद्यावर हजारो गल्ल्या होत्या. रोज काही राखाडी व्हायच्या, काही पांढऱ्या. तिने नेहमीसारखी सही केली आणि चहा घ्यायला गेली. दुपारी तिच्या नणंदेचा, नंदाताईंचा फोन आला.

"रेवती, आमच्या गल्लीतली सावली कुठी गेली गं?"

"बघते ताई. येईल एक-दोन दिवसांत परत."

"मोठ्या रोडवर आहे. आमच्याकडंच नाही. पोट्टे जेवायला आले अन् कोपऱ्यावरूनच वापस गेले. एवढा कढीगोळ्यांचा गंज भरून ठेवला, आता कोणाले वाढू?"

नंदाताईंची खाणावळ होती. आईवडील गेल्यावर त्याच खाणावळीवर त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे रेवतीच्या नवऱ्याला, भूषणला वाढवलं होतं. लग्न होऊन चारच वर्षांत त्या विधवा होऊन परत आल्या, तेव्हा भूषण चौथीत होता. पुढे तो इंजिनियर झाला, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. ताईंनी मात्र गल्ली सोडली नाही.

एके काळी सावली ही नकाशावरची निव्वळ शोभेची गोष्ट होती. रेवती आर्किटेक्चरला होती तेव्हा मुलं प्लॅन काढायची. प्लॅन म्हणजे इमारत थेट वरून पाहिली तर दिसेल तशी. वरून दुमजली घर आणि वीस मजली टॉवर दोन्ही सारखेच, सपाट चौकोन. कोण किती उंच हे कळावं म्हणून सॉफ्टवेअरमध्ये सावलीचं एक बटण असे. गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ घातली की प्रत्येक चौकोनाला चिकटून एक राखाडी पट्टा पडे. इमारत जितकी उंच तितका पट्टा लांब. मुलं तर तारीखवेळही घालत नसत. सूर्य सरळ कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बसवायचा, झालं काम. नकाशात उत्तर वर असते, म्हणजे हा सूर्य वायव्येला तळपणारा, आणि अशी लांब सावली पाडणारा सूर्य नागपूरच्या वायव्येला कधीही नसतो. पण चित्र उठावदार दिसायचं आणि मार्क मिळायचे.

मग ते उन्हाळे आले, ज्यांत पारा पन्नाशीच्या पुढे जाऊन तिथेच मुक्काम करू लागला. माणसं रस्त्यात पडू लागली. तेव्हा सगळ्यांना एक साधी गोष्ट नव्याने कळली. सावलीतली हवाही तेवढीच तापलेली असते, पण सावलीत सूर्याचा थेट मारा अंगावर येत नाही आणि पायाखालची जमीनही तेवढी भाजत नाही. अशा उन्हाळ्यात माणूस चालत घरी पोचतो की वाटेत कोसळतो, हे त्या फरकावर ठरतं.

नागपूरला आणखी एक अडचण होती. शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीला सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच विरून जाते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. ऐन काहिलीत, सावलीची सर्वांत जास्त गरज असताना, इमारती हात वर करतात. म्हणून महापालिकेने उंच इमारतींच्या माथ्यांवर पंख बसवले. हलक्या कापडाचे, घडी होणारे, रस्त्यावर आडवे पसरणारे पंख. एकाचा पंख संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू, अशी सलग सावली जोडत नेली की माणसाला घरापासून कामापर्यंत चालता येई. पण एका इमारतीचा पंख एका वेळी एकाच बाजूला वळे, समोरच्या रस्त्यावर किंवा मागच्या गल्लीवर. कुठला कुठे वळवायचा हे छायापट ठरवी. गच्च्यांच्या कडेला, पंखांच्या खाली लावलेले कॅमेरे रस्त्यावर चालणारी डोकी मोजत. वरून चेहरा दिसत नाही, त्यामुळे पाळत ठेवता म्हणून कुणाची तक्रार नव्हती. जिथे माणसं जास्त, तिथे उद्याची सावली. सगळ्यांच्या फोनवर रोज सकाळी तो नकाशा उमटे. राखाडीतून चाला, पांढऱ्यात पाऊल टाकू नका. पांढऱ्यात पडलेल्याला विमा मिळत नसे आणि पांढऱ्यात माणूस पाठवणाऱ्या मालकाला दंड होई. रिक्षावालेही पांढरी गल्ली आली की कोपऱ्यावर उतरवून देत.

पहिल्या उन्हाळ्यात पंख हाताने वळवता येत. तेव्हा एका नगरसेवकाच्या घरच्या लग्नमांडवावर तीन इमारतींचे पंख वळले आणि त्याच दुपारी पलीकडच्या बसथांब्यावर दोन बायका कोसळल्या. रेवती सभागृहात उभी राहून तावातावाने बोलली होती. सावली वशिल्यावर वाटायची नाही, यंत्र मोजेल आणि यंत्र देईल, उन्हाळा संपेपर्यंत त्यात कुणीही हात घालायचा नाही. नियम तिच्याच शब्दांत मंजूर झाला. तिच्या हाती उरली ती पहाटेची एक सही. यंत्राने काढलेला छायापट तपासून प्रसिद्ध करायचा. सही नसेल तर पंख मिटलेले राहत आणि शहराला बंद पाळावा लागे. तशी वेळ कधी आली नव्हती.

दोन आठवडे वाट पाहून रेवती तिच्या साहेबांकडे गेली. तांबोळी साहेब सज्जन माणूस होते, निवृत्तीला आलेले.

"मॅडम, तुमची नणंद राहते तिथे?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"मग तर तुम्ही बोलूच नका. उद्या हेच पेपरात येईल. त्या गल्लीत माणसं येऊ द्या, सावली आपोआप येईल."

"सावली नाही तर माणसं येणार कशी, सर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे तेव्हाच कुणी विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

रविवारी रेवती स्वतः गेली. कोपऱ्यापर्यंत राखाडी रस्ता होता, लोक गप्पा मारत चालले होते. गल्लीच्या तोंडाशी सावली सुरीने कापावी तशी संपली. पुढचं ऊन इतकं पांढरं होतं की घरं नीट दिसेनात. तेवढ्यात आतून एक काळी छत्री हलत हलत आली. ओल्या दुपट्ट्याने तोंड बांधलेल्या नंदाताई तिला घ्यायला आल्या होत्या.

"अशी काय उभी राहिली? चल लवकर, चप्पल चिकटते."

छत्रीत दोघी घराकडे पळाल्या. पळता पळता रेवतीला आणखी छत्र्या दिसल्या. एक दूध आणायला निघालेली, एक औषधाला, एकीखाली आई आणि कडेवर लेकरू. पलीकडचे रज्जाकभाई टेलर छत्रीखालून हात करून म्हणाले, "सलाम वहिनी, सावली आणली काय?"

घरात कुलर घरघरत होता, पण येत होती गरम हवाच. जेवणाच्या बाकांवर नंदाताईंनी जुन्या चादरी टाकल्या होत्या. खिडक्यांना ओली गोणपाटं. दार लावल्यावर खोलीत संध्याकाळसारखा अंधार झाला.

"सकाळी ऊन चढलं की दार लावते," नंदाताई म्हणाल्या. "दिवस बुडाला की उघडते. एवढ्या वर्षांत दिवसा दार लावलेलं आठवत नाही मले. माणूस आजारी पडला तर गोष्ट वेगळी. मी तर धडधाकट आहे ना, बाप्पा."

"तुम्ही आमच्याकडे राहायला या ताई. भूषणही तेच म्हणतो."

"अन् तिथं काय करू? तुमच्या फ्लॅटमंदी बसून भिंत पाहू? कोंडूनच राहायचं तर आपल्या घरात राहीन."

परत जाताना रेवतीच्या मनात त्या छत्र्या घोळत होत्या. ही गल्ली रिकामी आहे असं यंत्र रोज सांगत होतं, पण गल्ली रिकामी नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने कॅमेऱ्याची चित्रं काढली. वरून पाहिलं तर तिसऱ्या गल्लीत काळे, निळे, फुलाफुलांचे गोल सरकत होते, पण मोजणीच्या रकान्यात शून्य. यंत्र माणूस ओळखायला शिकलं होतं ते राखाडी रस्त्यांवर, आणि सावलीत कुणी छत्री उघडत नाही. डोकं आणि खांदे दिसले तर ते त्याच्या लेखी माणूस. हलणारा गोल म्हणजे हातगाडीचं छप्पर, सोडून द्या. तिने बाकीच्या पांढऱ्या गल्ल्याही तपासल्या. सगळीकडे तेच. शहरात उन्हातून चालणारं प्रत्येक माणूस, केवळ उन्हापासून जीव वाचवत होतं म्हणून, हिशेबातून गळलं होतं.

ती धावतच तांबोळी साहेबांकडे गेली. त्यांनी चित्रं पाहिली आणि कपाळाला हात लावला. पण मोजणी बदलणं म्हणजे छायापट बदलणं, आणि त्याला समिती लागते. समिती उन्हाळा संपल्याशिवाय बसत नाही.

"नियमच तसा आहे," ते म्हणाले. तिचाच नियम, असं म्हणाले नाहीत.

संध्याकाळी तिने नंदाताईंना फोन केला. त्यांना तेवढंच बरं वाटेल म्हणून. "ताई, चूक यंत्राची आहे. छत्री असली की त्याला खालचं माणूस दिसत नाही. जूनमध्ये दुरुस्त करतील."

"जूनमंदी," नंदाताई म्हणाल्या. "म्हणजे छत्री मिटली की मी दिसते?"

"ताई, असलं काही करायचं नाही हं. शप्पथ आहे तुम्हाला."

"नाही गं. मी कायले करते?"

दोन दिवसांनी, भर दुपारी, रेवती पडद्यासमोर बसली होती. छायापटावर चालणारी माणसं बारीक ठिपक्यांनी दिसत. राखाडी रस्त्यांवर ठिपक्यांच्या मुंग्या लागल्या होत्या. आणि पांढऱ्या तिसऱ्या गल्लीत, जिथे आठवडेच्या आठवडे काही नव्हतं, तिथे एक ठिपका उगवला.

मग दुसरा. मग सात-आठ एकदम. ते गल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होते, वळत होते, पुन्हा येत होते. रेवतीने फोन लावला. नंदाताईंनी उचलला नाही. तिने पुन्हा लावला. ठिपके वळले. तिसऱ्या फेरीत त्यांतला एक मागे पडला, हळू झाला आणि गल्लीच्या मधोमध थांबला. बाकीचे त्याच्याभोवती गोळा झाले.

रेवती जिना उतरून रस्त्यावर आली आणि रिक्षात बसली. रिक्षावाल्याने नेहमीप्रमाणे कोपऱ्यावर थांबवलं. उरलेलं अंतर ती डोक्यावर ओढणी घेऊन पळाली. उन्हाने डोळ्यांत पाणीसुद्धा टिकेना. रज्जाकभाईंच्या ओट्यावर बायकांनी नंदाताईंना आडवं केलं होतं, कुणी पाणी ओतत होतं, कुणी पदराने वारा घालत होतं. ओट्याखाली मिटलेल्या छत्र्यांचा ढीग पडला होता. नंदाताईंचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि त्यावर घामाचा टिपूस नव्हता. त्या रेवतीकडे पाहत होत्या, पण ओळखत नव्हत्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भूषण भिंतीला टेकून उभा होता. रेवतीने त्याला सगळं सांगितलं. छत्रीचंही.

"तू तिला सांगितलं?" त्याने विचारलं.

"त्यांना बरं वाटावं म्हणून."

"ताईले ओळखत नाही काय तू? मी तापाने पडलो होतो तेव्हा पुरातून कमरेएवढ्या पाण्यात गेली होती डॉक्टरला आणायला. तिला रस्ता दाखवला की ती चालते." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं रेवतीला वाटलं. "अन् तू रोज सकाळी सही करते. रोज."

दुसऱ्या दिवशी तिसरी गल्ली राखाडी झाली. यंत्राने डोकी मोजली होती आणि आपला शब्द पाळला होता. त्यासाठी मधल्या इमारतीचा पंख चौथ्या गल्लीवरून इकडे वळला आणि चौथी गल्ली पांढरी झाली. बातमी मात्र भिंतीपलीकडे केव्हाच पोचली होती. त्याच दुपारी चौथ्या गल्लीत ठिपके उगवले. मग पलीकडच्या वस्तीत. चार-पाच दिवसांत नदीच्या अलीकडे-पलीकडे, शहरभर. ज्या गल्लीत म्हणून सावली नव्हती तिथे लोक छत्र्या मिटून, उघड्या डोक्याने, फेऱ्या मारू लागले. एका गल्लीने मिळवलेली सावली दुसरीकडून निघून जाई आणि मग ती दुसरी गल्ली उन्हात उतरे. रेवती पडद्याकडे पाहत राहिली. थांबलेले ठिपके आता तिला चटकन ओळखू येऊ लागले होते.

पुढची पहाट शून्य सावलीच्या दिवसाची होती. यंत्राने छायापट तयार करून समोर ठेवला. शहर जागं होत होतं, फोन हातात घेऊन नकाशाची वाट पाहत होतं. रेवतीने हात मांडीवर ठेवले.

थोड्या वेळाने तांबोळी साहेब आत आले. "मॅडम, सही राहिलीय."

"नाही करणार सर."

"आज? आजचा दिवस कोणता आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. सही केली तर आज दुपारी शेकडो लोक उघड्या डोक्याने उन्हात फिरतील. उद्याच्या सावलीसाठी. नाही केली तर कुणीच बाहेर पडणार नाही. राखाडीतलेही नाहीत आणि पांढऱ्यातलेही नाहीत."

"अख्खं शहर कोंडून ठेवणार तुम्ही?"

"अर्धं शहर महिनाभर कोंडलेलंच आहे, सर."

ते खुर्चीवर बसले. "तुमची नोकरी जाईल. खटलाही होईल बहुतेक. दुसरा कोणी बसवून सही घेईपर्यंत निदान दोन दिवस जातील." बोलता बोलता ते मनाशीच काही जुळवत होते. "दोन दिवसांत सभा बोलवावीच लागेल त्यांना," ते हळूच म्हणाले. मग उठले, आणि जाताना तिच्यासाठी गाडी बोलावून गेले. ऊन चढण्याआधी तिला दवाखान्यात पोचता आलं.

भोंगे वाजले. शहर बंद झालं. दुपार चढली तसा वॉर्डमधला आवाजही बसत गेला. खिडकीच्या काचेतून रेवतीला रिकामा रस्ता दिसत होता. दिव्याच्या खांबाला सावली नव्हती. कुंपणाला नव्हती. समोरच्या वीस मजल्यांच्या इमारतीलाही नव्हती. पंख मिटून ती नुसती उभी होती. सगळं वरून दिसतं तेवढंच उरलं होतं. ती दारापर्यंत जाऊन परत आली. या खोलीतून आता कुठेच जाता येणार नव्हतं आणि बाहेर लाखो दारांमागे लाखो माणसांना हेच वाटत असणार होतं. फोन सतत वाजत होता. कुणी शिव्या देत होतं. एका बाईचं मूल रात्रीपासून ओकत होतं, दवाखाना गल्लीच्या टोकालाच होता आणि तिला तेवढंही जाता येत नव्हतं. रेवतीने तिच्यासाठी रुग्णवाहिका शोधायला तीन ठिकाणी फोन केले. ती पोचली की नाही हे तिला कधीच कळलं नाही.

भूषण पलंगाच्या पलीकडे बसला होता. सकाळपासून तो तिच्याशी बोलला नव्हता. त्याने आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी ग्लासात ओतून तिच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभा बसली आणि रात्रीपर्यंत चालली. कुणीही हात घालायचा नाही या नियमाचं कुलूप निघालं. डोक्यांच्या मोजणीवर सावली देणं बंद झालं. आता नळाला पाणी सोडतात तशी पाळी लागली, आज या गल्लीला, उद्या त्या गल्लीला. कुणालाच पुरेशी नाही, पण कुणी कायमचं पांढऱ्यातही नाही. मोठ्या रस्त्यांवरच्या लोकांनी मोर्चे काढले. रेवतीला कामावरून काढलं. खटला उभा राहिला, तारखा पडत राहिल्या.

नंदाताई जूनमध्ये घरी आल्या. बोलणं परत आलं होतं, माणसं ओळखू येत होती. पण डॉक्टरांनी रेवतीला आणि भूषणला बाजूला घेऊन सांगितलं होतं. एकदा एवढी उष्णता डोक्यात गेली की शरीराचं तापमान आवरणारी यंत्रणा कायमची बिघडू शकते. यांची बिघडली आहे. सावली असो नसो, उन्हाळ्यात यांना दिवसा घराबाहेर काढायचं नाही.

रेवती आता रोज तिकडेच जाई. रज्जाकभाईंच्या बायकोने आणि शेजारणींनी मिळून खाणावळ पुन्हा सुरू केली होती. पाळीच्या दिवशी बाक गल्लीत मांडले जात.

त्या दिवशी सकाळी गल्लीची पाळी होती. पंख उलगडल्याची फडफड झाली आणि दारापुढची फरशी राखाडी झाली. नंदाताई आत, कुलरच्या तोंडाशी, ओला टॉवेल मानेवर घेऊन पलंगावर बसल्या होत्या. खिडकीला गोणपाट होतं.

"आली काय?" त्यांनी विचारलं.

"आली ताई."

"मग तू इथं काय करून राहिली? जा बाहेर. कोण कोण आलं, सांग मले."

रेवती बाहेर जाऊन खिडकीला पाठ लावून उभी राहिली. लोक येऊ लागले होते.

"पिंपळापुरे काकू आल्या," तिने खिडकीकडे तोंड करून सांगितलं. "काठी घेऊन. सोबत सून आहे."

"बरं. आणखी?"

"हॉस्टेलचे दोघं. तो उंच आणि त्याचा मित्र, नाव नाही माहीत."

"विचार त्याले."

रेवतीने विचारलं. "अंकुश," ती म्हणाली. "अंकुश निखाडे. कढीगोळे आहेत का विचारतोय."

"आहेत म्हणा. बसव त्याले." कुलरची घरघर मध्येच वाढली आणि कमी झाली. गोणपाटामागून पुन्हा आवाज आला. "आणखी कोण आहे?"